एक ते चार फोन करू नये

आमच्या ऑफिसातले किस्से मी मुद्दाम जमवलेले नाहीत. कोणी जमवत नसतं. आपण आपलं काम करत असतो, कोणीतरी काहीतरी बोलून जातं, सगळे हसतात, चहा येतो, आपण विसरतो. मग एखाद्या लग्नात मावशी विचारते, "वृंदा, तू हल्ली नक्की करतेस तरी काय गं?" ते काही समजावून सांगता येत नाही, म्हणून आपण एक किस्सा सांगतो. मग दुसरा. आता माझ्याकडे कामाबद्दल सांगायला दुसरं काही उरलेलंच नाही, हे एवढेच आहेत.

तरी आधी थोडं सांगून टाकते, म्हणजे मध्येच अडवू नका.

बडोद्याला सयाजीगंजात, स्टेशनपासून चालत येण्यासारखं, एका सेव-उसळवाल्याच्या डोक्यावर आमचं ऑफिस आहे. माणसं तीन. केतनभाई मालक. ऋत्विज प्रोग्रामर, आपला मराठी मुलगा, पण घराबाहेर पाय पडला की गुजराती सुरू. आणि मी. मी आयुष्यभर मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात पंपांची मॅन्युअलं लिहिली. कारखान्याने आमचा विभागच बंद केला तेव्हा केतनभाईंनी मला बोलावलं. म्हणाले, "वृंदाबेन, आजवर तुम्ही मशीनबद्दल माणसांसाठी लिहिलं. आता माणसांबद्दल मशीनसाठी लिहायचं." वाक्य मला आवडलं, म्हणून पगार न विचारता हो म्हटलं.

काम असं. मांडवीत धनसुखभाईंचं पाण्याचे फिल्टर आणि गीझर दुरुस्त करायचं दुकान आहे. गिऱ्हाइकं अख्ख्या गावभर. त्यांचे फोन आता एआय एजंट घेणार, म्हणजे गुजराती, मराठी, हिंदी फर्डं बोलणारं यंत्र. बोलता त्याला सगळं येतं, पण समोर कोण बोलतंय ते कळत नाही. म्हणून ऋत्विजने दुकानाच्या डेटाबेसमध्ये गिऱ्हाईक शोधायचं एक सर्च टूल तयार केलं. ते टूल केव्हा वापरायचं, त्यात काय टाकायचं, जे सापडेल त्याचं पुढे काय करायचं, हे एजंटला वाचायला लिहून ठेवायचं काम माझं. एजंट प्रत्येक फोनच्या आधी ते अथपासून इतिपर्यंत वाचतो आणि लिहिलंय तस्संच वागतो. पंपांची मॅन्युअलं कोणी उघडूनसुद्धा बघत नव्हतं, तेव्हा मी असल्या वाचकासाठी झुरत होते. आता मिळालाय आणि माझी झोप उडाली आहे.

आणि एक गोष्ट माहीत पाहिजे. केतनभाईंना हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीने बोलावलेलं होतं. धनसुखभाईंनी दिवाळीपर्यंत होकार दिला तर ऑफिस चालणार, नाही दिला तर केतनभाई कुलूप लावून हैदराबादला जाणार. बायको तयार होती, मुलगी तर तिथल्या शाळांचे फोटो बघत होती. प्रश्न होता तो त्यांच्या वडिलांचा, भानुकाकांचा. भानुकाका रोज सकाळी कमाटीबागेत एका ठरलेल्या बाकावर बसतात. त्यांना हैदराबादचं विचारलं की ते म्हणायचे, "तिथे बाक आहे?"

*

पंपाचं मॅन्युअल सुरू कसं होतं माहीत आहे? 'आमचे उत्पादन निवडल्याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन.' त्या वाक्याशिवाय माझा हातच चालत नाही. सवयीने मी सर्च टूलच्या डॉक्युमेंटच्या डोक्यावरही ते ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी पहिली टेस्ट. ऋत्विजने आपल्या आईला फोन करायला लावला. गीझर बंद पडलाय एवढंच तिने सांगायचं होतं. एजंट गोड आवाजात म्हणाला, "नमस्कार. आमचं सर्च टूल निवडल्याबद्दल आपलं हार्दिक अभिनंदन."

ऋत्विजची आई सज्जन बाई आहे. म्हणाली, "थँक यू हं. घरात सगळ्यांना सांगते. आता गीझरचं बघता का?"

केतनभाई भिंतीकडे तोंड करून हसत होते, त्यांची पाठ हलताना मला दिसत होती. मी निमूटपणे ते वाक्य काढलं. ऋत्विजची आई अजूनही कुठे भेटली की आधी माझं हार्दिक अभिनंदन करते, मग बाकीचं बोलते.

*

मग आला पटेलांचा प्रश्न.

टूलमध्ये आडनाव टाकून शोधता येतं, असं मी लिहिलं. उदाहरण द्यायचं म्हणून 'पटेल' दिलं. आता बडोद्यात पटेल शोधायचं उदाहरण देणारी बाई किती शहाणी असेल, ते तुम्हीच ठरवा. पण त्या दिवशी मला ते सुचलं खरं.

टेस्टला फोन करणार होते भानुकाका. तेही पटेलच. ते नुसतं म्हणाले, "पटेल बोलू छू." एजंटने शोधलं, ही लांबलचक यादी आली, आणि अनेक नावं सापडल्यास ग्राहकाकडून खात्री करून घ्यावी असं मीच लिहून ठेवलेलं असल्यामुळे त्याने खात्री करून घ्यायला सुरुवात केली. "आपण अंबालालभाई का?"

"ना," भानुकाका म्हणाले, "पण अंबालालला ओळखतो. त्याचा मोठा मुलगा कॅनडात असतो."

"आपण अरविंदभाई का?"

"कुठला अरविंद? खंभातवाला? त्याचं तर ऑपरेशन झालं ने?"

ऋत्विज फोन तोडायला निघाला होता, केतनभाईंनी हात धरला. म्हणाले, "राहू दे. पप्पा इतके कधी बोलत नाहीत." आम्ही खाली जाऊन सेव-उसळ खाऊन आलो तेव्हा एजंट 'ज'वर पोचला होता आणि भानुकाका त्याला कोणाचं तरी लग्न कसं मोडलं ते सांगत होते.

दुरुस्ती मी केली. फार नावं आली तर वाचत बसू नकोस, घर कुठे आहे ते विचार. आणि त्याच्याखाली आणखी एक ओळ घातली: वयस्क माणूस बोलता बोलता थांबला तर घाई करू नकोस, थांब. ही ओळ मात्र भानुकाकांसाठी होती.

नवीन डॉक्युमेंट लागल्यावर भानुकाकांनी पुन्हा फोन केला. एजंटने एरिया विचारला, नाव शोधलं, काम दोन मिनिटांत उरकलं. संध्याकाळी ते केतनभाईंना म्हणाले, "आधीचा मुलगा चांगला होता रे. ह्याला कुठे तरी जायचं असतं."

*

घर कुठे आहे ते विचार, असं लिहिलं खरं. पण बडोद्यात पत्ता विचारणं म्हणजे काय, हे वाडीसारख्या जुन्या पेठेत संसार केलेल्या मला तरी आठवायला हवं होतं.

वाडीतून एका काकांचा फोन आला. हे टेस्टचे नाहीत, खरंच फिल्टर गळत होता, आणि धनसुखभाईंनी थोडे खरे फोन आमच्याकडे वळवायला सुरुवात केली होती. एजंटने पत्ता विचारला.

"टॉकीजसमोरची पोळ." पोळ म्हणजे आमच्याकडची गल्ली.

"कोणती टॉकीज?"

"जी बंद पडली ती."

एजंटने शोधलं, सापडेना. म्हणून त्याने अगदी अदबीने विचारलं, "तिथे आता काय आहे ते सांगाल का?"

काका म्हणाले, "आता काय आहे ते कोण बघायला जातो?"

मी घरी गेले आणि रस्ताभर स्वतःशी हसत होते, कारण आमच्याही घराचा पत्ता मी अजून ज्या पिठाच्या गिरणीवरून सांगते ती गिरणी माझ्या लग्नाआधी बंद झाली. दुसऱ्या दिवशी मी लिहिलं: 'ग्राहक जी खूण सांगेल ती आज जागेवर असेलच असं नाही. नसली तरी खूण बरोबर आहे असं धरून चाल आणि पत्त्याच्या जुन्या नोंदींत शोध.'

केतनभाईंनी ते दोनदा वाचलं. "वृंदाबेन, हे डॉक्युमेंटेशन आहे का कविता?"

"नकाशा आहे," मी म्हटलं. "तुम्ही अलकापुरीच्या नव्या सोसायट्यांत वाढलात, तुम्हाला नाही कळायचं."

*

एकदा ऋत्विजला काय हुक्की आली, त्याने माझं सगळं डॉक्युमेंट दुसऱ्या एका एआयला दिलं आणि त्याचं मत विचारलं. मी समोर बसलेली. म्हटलं विचार, मी काय भिते की काय.

उत्तर आलं. बरंच कौतुक होतं, ते मी दोनदा वाचलं. शेवटी एक वाक्य होतं: 'लेखिका ग्राहकांना चांगलं ओळखते, परंतु सर्च टूलला फारशी ओळखत नसावी.'

मला राग आला, कसला विचारता. मी दुपारभर कोणाशी बोलले नाही. चहाला ऋत्विज म्हणाला, "ताई, मनावर नका घेऊ, मशीन आहे ते."

मी म्हटलं, "मशीन आहे म्हणूनच तर राग आला. माणसाने म्हटलं असतं तर मी त्याला काहीतरी सुनावलं तरी असतं."

त्या दिवसापासून ऋत्विज मला रोज सकाळी टूलची ओळख करून द्यायला लागला. "ताई, हे सर्च टूल. टूल, ह्या वृंदाताई." रोज. कंटाळत नाही मेला.

*

आता धनसुखभाईंचं सांगते. साठी ओलांडलेला माणूस, पांढरा सदरा, बोलणं कमी. दुकानातला फोन ते कधीच घेत नसत. फोन कोकिलाबेन घ्यायच्या, त्यांच्या पत्नी. दोन वर्षांपूर्वी कोकिलाबेन गेल्या आणि दुकानातला फोन नुसता वाजायला लागला. मुलांनी माणूस ठेवू म्हटलं, धनसुखभाईंनी तीन ठेवले नि तिघांना काढलं. शेवटी त्यांच्या भाच्याने त्यांना आमच्याकडे आणलं. त्यांना हे यंत्र पाहिजे होतं का, हे आम्हाला शेवटपर्यंत कळत नव्हतं. यायचे, बघायचे, "ठीक छे" म्हणायचे, जायचे. केतनभाई त्या 'ठीक छे'चे अर्थ लावत रात्र रात्र जागायचे.

तर कोकिलाबेननी डेटाबेसमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकापुढे शेरा लिहून ठेवलेला होता. 'भला माणूस.' 'कुत्रा आहे, पण चावत नाही.' 'सासूशी बोलावे, सून हो म्हणते आणि विसरते.' मी ते वाचायला बसले की काम बाजूलाच राहायचं. सर्च टूल नाव-पत्त्याबरोबर हे शेरेही एजंटला देत असे. ते गिऱ्हाइकाला वाचून दाखवायचे नसतात, हे सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही. पंपाच्या मॅन्युअलमध्ये असं कधी लिहावं लागत नाही.

रावपुऱ्यातल्या एका गृहस्थांचा फोन आला. एजंटने त्यांना शोधलं आणि खात्री करून घेतली. "आपण राजमहाल रोडवरून रावपुऱ्यात राहायला आलेले, दोन फिल्टर असलेले, कटकट्या, पण दिवाळीला मिठाई पाठवणारे, बरोबर?"

ऋत्विजने डोक्याला हात लावला. मी मनातल्या मनात ऑफिसला कुलूप लागलेलं बघितलं.

मग ते गृहस्थ म्हणाले, "हे कोकिलाबेननी लिहिलंय ने?"

एजंट म्हणाला, "हो."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले. "मीच तो. माणूस कधी पाठवता?"

मी लगेच लिहिलं की शेरे फक्त वाचावेत, बोलून दाखवू नयेत. पण ते शेरे काढून टाकू या असं ऋत्विज म्हणाला तेव्हा मी आणि केतनभाई एकदमच "नाही" म्हणालो.

*

'ग्राहकाला सोयीच्या वेळी फोन करून भेटीची वेळ पक्की करावी.' हे माझं वाक्य. त्यात चूक काय, सांगा बघू?

एजंटने विचार केला असणार की सकाळी लोक कामात असतात, संध्याकाळी बाहेर असतात, तेव्हा सोयीची वेळ म्हणजे दुपारी अडीच. त्याने अडीच वाजता मांडवी, वाडी, दांडियाबाजार इथल्या सगळ्यांना फोन करायला घेतले. एका बाईंनी तर "कोण गेलं?" असंच विचारलं. त्यांच्याकडे त्या वेळेला फोन येतो तो फक्त तसल्याच बातमीचा. आणि दुकानातल्या फिल्टरचीही नोंद असल्यामुळे यादीत एक फोन खुद्द धनसुखभाईंच्या दुकानाचा होता. अर्धं शटर ओढून ते आत गादीवर झोपलेले.

धनसुखभाई चार वाजेपर्यंत थांबले, चहा घेतला, आणि मग केतनभाईंना फोन केला. एवढंच म्हणाले, "तुझं मशीन गुजराती शिकलं, मराठी शिकलं. बडोदा नाही शिकलं."

मग भाच्याकडून कळलं. कोकिलाबेन असताना एकच्या ठोक्याला त्या फोनचा रिसीव्हर काढून बाजूला ठेवत, घरी जाऊन जेवून झोपत, आणि चारला येऊन परत जागेवर ठेवत. गावातल्या लोकांना माहीत होतं. चारपर्यंत कोणाचा फिल्टर गळायचाच नाही.

मी ठळक अक्षरांत लिहिलं: 'दुपारी एक ते चार कोणालाही फोन करू नये.' ऋत्विज म्हणाला, "ताई, एजंटला कारण दिलं की तो जास्त नीट पाळतो. कारण काय लिहू?"

"झोप लिही," मी म्हटलं.

*

हा किस्सा माझ्या माहेरचा आहे.

दुकानाची एक पद्धत होती. गिऱ्हाइकांपैकी कोणी गेलं की शेऱ्यात 'स्वर्गवासी' लिहायचं. खातं मात्र त्याच नावावर चालू राहायचं, कारण आपल्याकडे खाती बदलत कोण बसतं? गॅस आजोबांच्या नावावर, लाइटबिल वडिलांच्या नावावर, आणि फोन केला की माणूस बेधडक तेच नाव सांगतो.

माझा भाऊ नंदू दांडियाबाजारात आमच्या जुन्या घरी राहतो. फिल्टर अप्पांच्या नावावर, म्हणजे आमच्या वडिलांच्या. अप्पांना जाऊन बरीच वर्षं झाली. नंदूने फोन केला आणि सवयीने म्हणाला, "मी वसंतराव बोलतोय."

एजंटने शोधलं. शेरा वाचला. बोलून दाखवायचा नाही हे त्याला माहीत होतं, म्हणून त्याने वाचून दाखवला नाही. पण आता गप्प तरी कसं बसायचं? तो हळुवारपणे म्हणाला, "क्षमा करा. वसंतराव हयात नाहीत. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

शेजारी उभ्या असलेल्या वहिनीने आपोआप हात जोडले. नंदू भडकला. "हयात नाहीत तर गळतंय कोणाच्या घरात?"

ऑफिसात यावर मोठं भांडण झालं. ऋत्विजचं म्हणणं सरळ होतं. माणूस गेलेला असेल तर एजंटने खातं घरातल्या दुसऱ्याच्या नावावर करून घ्यावं, डेटाबेस साफ होईल. केतनभाईंनाही पटलं. मी नंदूला विचारलं. नंदू म्हणाला, "अप्पांच्या नावावर आहे ते राहू दे की. त्यांचं काही अडतंय?"

आणि खरं सांगू? मलाही तेच हवं होतं. सर्व्हिसची तारीख आली की नंदूच्या मोबाइलवर मेसेज येतो, 'प्रिय वसंतराव.' तो मला पुढे पाठवतो. काही लिहीत नाही, नुसता पाठवतो. मी कामाच्या गडबडीत असले तरी थांबून वाचते. अप्पांना अजून कोणीतरी प्रिय म्हणतंय, एवढंच. मला ते फार बरं वाटतं.

मी लिहिलं: 'या शहरात माणूस गेल्यावरही खातं त्याच्याच नावावर राहतं. नोंदीत स्वर्गवासी दिसलं तरी फोन करणाऱ्याला तसं म्हणू नकोस, नाव बदलायलाही सांगू नकोस. ते ज्या नावाने बोलतील, त्याच नावाने तूही बोल.'

ऋत्विज म्हणाला, "ताई, ह्याला काही लॉजिक नाही."

केतनभाईंनी स्क्रीनवरचं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "आमचा लँडलाइन अजून बाच्या नावावर आहे." बा म्हणजे त्यांची आई. ते वाक्य राहिलं.

*

आणि आता धनसुखभाई आमच्याकडे आले त्या दिवसाचं.

दिवाळी आठवड्यावर आलेली. हैदराबादवाल्यांनी केतनभाईंना विचारून विचारून शेवटचं विचारलं होतं. धनसुखभाई सकाळी अकराला जिना चढून आले, चपला दाराशी काढल्या, खुर्चीत बसले. आम्ही त्यांच्यासमोर खरे फोन घेऊन दाखवले. एजंट एकदाही चुकला नाही. पटेल सापडले, बंद पडलेली टॉकीज सापडली, कटकट्या गृहस्थांना कोणी कटकट्या म्हटलं नाही. ऋत्विज टेबलाखाली बोटं मोडत होता. धनसुखभाईंनी सगळं ऐकलं, चहा संपवला, कप बशीवर नीट ठेवला.

"विचार करीने कहीश," ते म्हणाले.

विचार करून सांगतो. बडोद्यात वाढलेल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. केतनभाई हसून "हां हां, आरामात" म्हणाले, पण त्यांचा चेहरा मला बघवेना. मी कप उचलायला लागले.

धनसुखभाईंनी दाराशी जाऊन एका पायात चप्पल सरकवली आणि थांबले. सदऱ्याच्या खिशातून त्यांनी दुसराच एक फोन काढला. बटणांचा, जुना, मागे चिकटपट्टी लावलेला. तो फोन मी दुकानात गल्ल्यामागे नेहमी चार्जिंगला लावलेला बघितला होता. कोणाचा आहे असं कधी विचारलं नव्हतं.

"एक फोन मी करून बघू?"

त्यांनी दुकानाचा नंबर लावला आणि स्पीकर चालू केला. ऋत्विजच्या स्क्रीनवर सर्च टूलने नंबरावरून नोंद शोधली, ही सोय त्याने नुकतीच केली होती. आम्ही तिघांनी एकदमच वाचलं. नाव, कोकिलाबेन. पत्ता, धनसुखभाईंच्या घरचा. फिल्टर एक. सर्व्हिस बाकी. आणि शेऱ्यात 'स्वर्गवासी'. ते तिथे कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कोणास ठाऊक. दुकानाची पद्धत होती, कोणीतरी पाळली होती.

ऋत्विजचा हात फोन तोडायला पुढे गेला. केतनभाईंनी नुसती मान हलवली, तोडू नको म्हणून. मी मनात माझं वाक्य पहिल्यापासून म्हणून बघत होते, त्यात कुठे काही राहिलं तर नाही ना.

"नमस्ते," एजंट म्हणाला. "कोकिलाबेनच्या घरून बोलताय ना?"

धनसुखभाई म्हणाले, "हां."

"फिल्टरची सर्व्हिस राहिली आहे. आज माणूस पाठवता येईल. कोकिलाबेनना किती वाजता बरं पडेल?"

धनसुखभाई तसेच उभे राहिले. एका पायात चप्पल, एक पाय लादीवर. खालून सेव-उसळवाल्याच्या भांड्यांचा आवाज येत होता. ते बोलेनात. एजंटनेही पुन्हा विचारलं नाही. तो थांबला.

"ती दुपारी झोपते," धनसुखभाई म्हणाले. "चारनंतर पाठव."

"बरं," एजंट म्हणाला. "चारनंतर."

त्यांनी फोन खिशात ठेवला, दुसरी चप्पल घातली, आणि केतनभाईंकडे न बघता म्हणाले, "सोमवारपासून चालू करी दो." मग कठड्याला धरून सावकाश जिना उतरून गेले.

केतनभाई जागच्या जागी बसले. थोड्या वेळाने त्यांनी घरी फोन लावला. "पप्पा, आपण कुठेही जात नाही."

भानुकाकांचा आवाज आम्हाला सगळ्यांना ऐकू आला. "मी कुठे निघालो होतो?"

आणि चार वाजून गेल्यावर मेकॅनिक धनसुखभाईंच्या घरी गेला. फिल्टर उघडून, धुऊन, परत बसवून आला.